पुलाच्या अलीकडं

ठिपका पुलावर जायला हवा होता. तो पुलाच्या अलीकडंच उजवीकडं वळला, आणि तेवढं दिसेपर्यंतच सुंदररावाचे डोळे धड राहिले. मग मोबाईलच्या काचेवरची नदी पसरली, रस्ते एकमेकांत मिसळले, निळा ठिपका शाईचा थेंब पाण्यात पडावा तसा फुगला आणि सगळं पांढरंफटक झालं. त्यानं मोबाईल लांब धरला, मग नाकाशी आणला, परत लांब धरला. सिस्टरनं तिसऱ्यांदा डोळ्यांत थेंब घालून जाताना बजावलं होतं, काका, आता डोळे मिटून बसा, अर्धा तास मोबाईल बघायचा नाही. तो हो म्हणाला होता. पण तिची पाठ वळते न वळते तोच खिशात फोन थरथरला होता. पोरीनं, वैष्णवीनं, लोकेशन पाठवलं होतं, ती गाडीत बसली होती. वैष्णवी गाडीत बसली की दुनियेत काहीही चालू असो, सुंदरराव मोबाईल बघायचाच. बाकावर दहा-बारा म्हातारी माणसं डोळे मिटून, माना मागं टाकून ओळीनं बसली होती. समोरच्या खिडकीतून बीडचं दुपारचं ऊन आत येत होतं, आणि बाहुल्या मोठ्या झालेल्या त्याच्या डोळ्यांना ते सहन होत नव्हतं. गाल ओले झाले होते. ते थेंबांचं पाणी होतं.

वळला म्हणजे वळला. यात चूक नव्हती. तिबिलिसी नावाचं ते शहर त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हता, पण वैष्णवीच्या होस्टेलपासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्याला बीड-लिंबागणेश रस्त्याइतका पाठ होता. तिला तिकडं परदेशात डॉक्टरकी शिकायला जाऊन तीन वर्षं झाली होती. होस्टेलच्या बोळातून बाहेर पडलं की डावीकडं, मग सरळ नदीपर्यंत, मग नदीला हाताशी धरून पेट्रोल पंपावरून पुढं, मग पूल, आणि पूल ओलांडला की चढ. अकरा मिनिटं. बर्फ असला की सतरा. पुलाच्या अलीकडं उजवीकडं वळायचं काहीच कारण नव्हतं. त्या बाजूला नकाशात रस्ते बारीक होत जायचे आणि डोंगराला लागायचे. एखाद्या दिवशी तो उगीचच बोटानं त्या रस्त्यांवरून जाऊन आला होता, म्हणून त्याला ते माहीत होतं. आज तिची तोंडी परीक्षा होती. तिकडं सकाळचे अकरा वाजले असतील.

"काय झालं हो?" शेजारून बाईचा आवाज आला. "थेंब लई झोंबले का?"

त्यानं मान वळवली. जांभळट रंगाचं लुगडं किंवा साडी, आणि वर एक गोल, पिठूळ चेहरा. नाकडोळे काही नाहीत. मघाशी, डोळे चांगले असताना, या बाईला त्यानं पाहिलं होतं. माजलगावची, नवऱ्याला घेऊन आलेली. नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं, नाव गुंडप्पा. आतून सिस्टरनं नाव पुकारल्यावर बाईच आधी उठून उभी राहिली होती आणि नवऱ्याला हाताला धरून दारापर्यंत सोडून आली होती.

"ताई, तुमच्या डोळ्यांत थेंब घातलेत का?"

"मला कशाला? माझे डोळे चांगले हायेत. मालकाचे तपासायचेत."

"मग एवढं बघता का," तो म्हणाला आणि मोबाईल पुढं केला. "निळा ठिपका हाय बघा. चाललाय का थांबलाय, तेवढं सांगा. माझी पोरगी हाय ती."

तिनं मोबाईल घेतला. चष्मा काढायची पर्स उघडल्याचा आवाज झाला. नीलम्मा माझं नाव, आमची बी पोरगी पुण्याला असती, असं काहीबाही बोलत तिनं चष्मा लावला, आणि मग काच डोळ्यांजवळ नेली.

"थांबलाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"ते इंग्रजीत न्हाई बाबा, कायतरी जिलब्यावानी लिवलंय. नदी हाय. नदीच्या वर हाय."

"पुलाच्या पलीकडं का अलीकडं?"

"अलीकडं. पूल राहिला खाली."

त्यानं तिला फोन लावायला सांगितलं. नाव वर दिसंल, वैष्णवी, तिथं फोनचं चित्र असंल, ते दाबा. घंटा वाजायला लागली. तीन वाजल्या, चार वाजल्या, आणि फोन कापला गेला. वाजून वाजून बंद झाला नव्हता. कुणीतरी कापला होता. यातला फरक सुंदररावाला ऐकू येत होता. त्यानं परत लावायला सांगितलं नाही. कारण त्यानंच वैष्णवीला शिकवलं होतं, की गाडीत काही वेडंवाकडं वाटलं तर फोन तू करायचा, मोठ्यानं मराठीत बोलायचं, गाडीचा नंबर वाचून दाखवायचा, ड्रायव्हरला काही कळलं नाही तरी नंबर कळतो. मी केलेला फोन उचलायच्या भानगडीत पडायचं नाही. हात मोकळे ठेवायचे.

त्यानं तिला लई काय काय शिकवलं होतं. जायच्या आधीच्या आठवड्यात त्याची बायको वच्छलाबाई पोरीसाठी शेंगदाण्याची चटणी, तिखट, धपाट्याचं पीठ डब्यांत भरत होती, तेव्हा हा पलंगावर बसून पोरीला गाड्यांचं सांगत होता. नंबर जुळल्याबिगर दाराला हात लावायचा नाही. तुझं नाव तू सांगायचं नाही, त्यानं सांगायचं. बॅग डिक्कीत टाकायची नाही, मांडीवर घ्यायची, म्हणजे उतरायचं झालं तर बॅगेसाठी त्याच्या दयेवर थांबावं लागत नाही. बसायच्या आधी दार आतून उघडतं का बघायचं, लहान लेकरांसाठी खटका असतो तो लावून ठेवतात काहीजण. काच दोन बोटं खाली. झोपायचं नाही, कितीही दमली तरी. आणि ड्रायव्हरच्या मागं बसायचं, त्याच्या पाठीशी, शेजारी तर नाहीच आणि तिरकंही नाही. तिकडं स्टेअरिंग डावीकडं असतं हे कळल्यावर त्यानं रात्रभर विचार करून सकाळी सांगितलं होतं, म्हणजे तू डावीकडं बसायचं. आरशात दिसायचं नाही. वैष्णवी हसली होती. आबा, तुमी काय ड्रायव्हर लोकांवर पुस्तक लिवणार का, म्हणाली होती. वच्छलाबाई डब्यांची झाकणं लावता लावता म्हणाली होती, तीस वर्षं जीप चालवलीय त्यांनी, त्यांना म्हाईत असणार. त्या बोलण्यात अभिमान होता. सुंदररावानं तेव्हा पाणी मागितलं होतं.

"हालला का?"

"न्हाई. तितंच हाय." नीलम्मानं मोबाईल मांडीवर नीट धरला होता. "काका, तुमी घाबरू नका. परीक्षेला निघालीय म्हणता, तर वाटेत कुणा मैत्रिणीला घ्यायला थांबली असंल."

"मैत्रीण खालीच राहती तिच्या."

"मग ड्रायवरचं कायतरी काम असंल."

"असंल," तो म्हणाला.

ते तर तो धरूनच चालला होता. ड्रायव्हरचं कायतरी काम असणार. शंभरात नव्याण्णव वेळा तेच असतं. गाडी आडवाटेला वळती ती चाक बघायला, डबा घ्यायला, भावाला निरोप द्यायला. ड्रायव्हरला ते माहीत असतं. मागं बसलेलीला माहीत नसतं. एवढाच काय तो फरक, आणि या एवढ्याशा फरकात सुंदरराव बावीस वर्षं अडकून पडला होता. रोज नाही. रोज कोण आठवत बसतं? पाच पाच वर्षं काही आठवायचं नाही. मग वैष्णवी अकरावीला लातूरला जायला लागली, एकटी, एसटीनं, आणि एके दिवशी तिला स्टँडवर सोडताना ती खिडकीची जागा सोडून दाराजवळच्या बाईशेजारी जाऊन बसली, कुणी न सांगता, तेव्हा एसटी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला होता. हिला हे कुणी शिकवलं? मग शिकवायचा सपाटाच लावला त्यानं.

"एक सांगू का," नीलम्मा म्हणाली. ती वेळ काढायला बोलत होती, त्याला धीर द्यायला बोलत होती. "आमी बाया गाडीत बसलो ना, की आधी कडी बघतो. कोणची बी गाडी असू दे, घरची असली तरी. मला साठ झाली, मला कोण नेतंय आता? पण हात जातोच. मालकाला म्हणलं तर ते हसतात. तुमाला ड्रायवर लोकांना हे ठावं बी नसंल."

त्याला ठावं होतं. त्यानं तो हात पाहिला होता.

तेव्हा त्याची काळी-पिवळी जीप बीड-लिंबागणेश चालायची. लिंबागणेशच्या पुढच्या गावात आरोग्य उपकेंद्र होतं आणि तिथं नवी नर्स आली होती. संगीता तिचं नाव, उदगीरकडची, तेवीस-चोवीस वर्षांची, या भागात कुणी ओळखीचं नाही. खोली बीडला घेतलेली, रोज येऊन-जाऊन करायची. बोलायला फटकळ. जीपमध्ये माणसं कोंबायची तर रीतच होती, पुढं चार, मधे पाच, मागं सहा, टपावर पोती आणि पायऱ्यांवर पोरं. एका सकाळी तो आणखी एकीला मधल्या सीटवर सरकवायला लागला, तर ही सगळ्यांदेखत म्हणाली, ड्रायव्हर, जनावरं नेताय का माणसं? गाडीतले सगळे हसले. त्यात काय होतं एवढं? काही नव्हतं. त्याच्यावर त्याआधी आणि नंतरही लोक हसले होते, पोलिसांनी तर आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या, ते त्यानं धुळीसारखं झटकून टाकलं होतं. पण हे तसं झटकलं गेलं नाही. बाईनं बोलावं, तेही बाहेरच्या, कालच आलेल्या बाईनं.

चतुर्थीचा दुसरा दिवस होता, आदल्या दिवशी गणपतीला सगळा भाग लोटून गेलेला, म्हणून रस्ता ओस पडला होता. त्याच दुपारी तिला लसीचा डबा घेऊन बीडहून परत गावात जायचं होतं. तीच जीप. लिंबागणेशला सगळे उतरले आणि ती एकटी राहिली. दोन अडीच कोस राहिले होते. वाटेत डावीकडं त्याचा मेहुणा रामहरी याच्या शेताकडं जाणारी गाडीवाट होती, आणि सुंदररावाचं जादा चाक पंक्चर काढून रामहरीच्या गुरांच्या कोठ्यावर पडलेलं होतं. ते घ्यायचं होतं, इतकंच. त्यानं जीप वळवली. सांगायला एक वाक्य लागलं असतं. सिस्टर, चाक घेऊन येऊ, दहा मिनटं. तोंडात आलंही होतं. तेवढ्यात मागून ती म्हणाली, "रस्ता चुकला का?" आणि तिच्या आवाजात सकाळचा ताठा नव्हता. ते त्याला कळलं. कळल्याबरोबर त्यानं ते वाक्य गिळलं.

यापुढचं जे होतं ते त्यानं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःला सांगताना नेहमी भरभर उरकलं होतं. आज डोळ्यांपुढं दुसरं काही दिसत नसल्यानं ते हळूहळू येत होतं. ती त्याच्या पाठीमागं बसली होती, आरशात दिसत नव्हती. त्यानं हात वर करून आरसा वळवला. त्यात तिचा चेहरा आला. बाभळी खिडकीला खरडत होत्या. तिनं परत विचारलं, "भाऊ, कुठं चाललोय आपण?" सकाळी ड्रायव्हर, आता भाऊ, असं त्याच्या मनात आलं आणि बरं वाटलं. मग ती मोठ्यानं बोलायला लागली, माझा भाऊ पोलिसात आहे, लातूरला, त्याला माहीत आहे मी कुठल्या गाडीत आहे. खोटं असणार. तिचा एक हात लसीच्या डब्यावर होता आणि दुसरा दाराच्या कडीवर. त्यानं जीपचा वेग कमी केला. वाट खराब होती म्हणून नाही. वाट संपू नये म्हणून. त्या दहा मिनिटांत त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तिच्या अंगाला बोट लावायचा विचारही आला नव्हता, हे तो देवासमोर सांगू शकला असता. याच एका गोष्टीवर तो इतकी वर्षं टेकून होता. पण त्याला मजा वाटली होती. आरशातला तो चेहरा बघत राहावासा वाटला होता.

कोठ्यावर रामहरीच्या बायकोनं तांब्याभर पाणी आणून दिलं. संगीतानं तांब्या हातात घेतला आणि तोंडाला लावलाच नाही. चाक टाकलं, जीप परत फिरली, तिला गावात सोडलं. उतरल्यावर ती चार पावलं नीट चालली, मग चिंचेखाली उकिडवी बसली. त्यानं बघितलं आणि जीप वळवून निघून आला. त्या दिवसापासून ती त्याच्या गाडीत बसली नाही. एसटीला दोन-दोन तास उभी राहायची. एकदा त्यानं गाडी थांबवून म्हटलंही होतं, बसा की सिस्टर, एसटी पंक्चर हाय. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. जीपच्या दाराकडं बघितलं. दिवाळीनंतर बदली करून घेऊन गेली. गावातल्या बाया हळहळल्या, हात लई हलका होता म्हणायच्या, सुई टोचलेली कळायची न्हाई.

"हालला का ओ?"

"न्हाई." नीलम्माच्या आवाजातला धीर आता पातळ झाला होता. "पंधरा मिंटं झाली की. परत लावू का फोन?"

तो काही बोलायच्या आत आतलं दार उघडलं. गुंडप्पाला सिस्टर हाताला धरून घेऊन येत होती. नीलम्मा उठली, घुटमळली. तिनं मोबाईल सुंदररावाच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली, लेकराच्या हातात पैसा द्यावा तशी. "पोचंल ती," ती म्हणाली. "शिकलेली हाय. आमच्यावानी थोडीच हाय?" मग जांभळा रंग दुसऱ्या एका पांढऱ्या ढिगाला टेकला आणि दोन्ही मिळून दाराच्या उजेडात विरघळून गेले. सुंदरराव मोबाईल घेऊन बसून राहिला. त्याला वाटलं, आपण फार दमलोय. आजचं नाही हे. तीन वर्षं दिवसातनं दोनदा तो त्या ठिपक्याबरोबर होस्टेलवरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून होस्टेलवर गेला होता. प्रत्येक वेळी ड्रायव्हर वेगळा, कुठलं कुठलं नाव, वाचताही न येणारं, आणि प्रत्येक वेळी तो माणूस कसा असेल हे सुंदरराव मनाशी ठरवायचा, आणि प्रत्येक वेळी त्या माणसाला हात मात्र सुंदररावाचेच असायचे, काळे, नखांत ग्रीस.

फोन थरथरला. तो हिरवं बटण अंदाजानं चाचपू लागला. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा लागलं.

"आबा," वैष्णवी म्हणाली. मागं गाड्यांचे आवाज होते, वारा होता. "आबा, मी ठीक हाय. उतरले मी गाडीतून."

"कुठं हायस?"

"एका पावाच्या दुकानात होते. आता खाली पुलाकडं चालत चाललेय. आधी परीक्षेच्या मॅडमला फोन केला, त्या म्हणल्या, अर्ध्या तासानं ये, शेवटी घेते तुला. तुमचा फोन आला तवा मी दार उघडत होते, म्हणून कापला."

"काय केलं त्यानं?"

"काही न्हाई केलं." ती हसली, पण हसू नीट बाहेर आलं नाही. "पुलापाशी एकदम गाडी वळवली. मी विचारलं, कुठं? गप्प. परत विचारलं. मग मोबाईलवर त्याच्या भाषेत लिहून पुढं धरलं. वाचलं त्यानं, आबा. वाचलं आणि परत पुढं बघायला लागला. मी तुमी सांगितलं तसं त्याच्या मागंच बसले होते. तर त्यानं आरसा वळवला."

सुंदररावानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग एका घरापुढं थांबला. उतरून आत गेला. मी दार उघडून बाहेर. तो एक खोकं घेऊन आला, डिक्कीत टाकलं, मला रस्त्यात उभी बघितलं आणि हसला. असे हात पसरले, काय झालं म्हणून. खोकं घ्यायचं होतं त्याला. एवढंच होतं." ती थांबली. चालताना तिला धाप लागत होती, का दुसरं काही होतं, हे आवाजावरून सांगता येत नव्हतं. "दुकानातल्या आजीनं पाणी दिलं तर पेला धरवेना. मला कळत न्हाई, त्याला सांगायला काय झालं होतं? एक शब्द. खोकं. हातानं दाखवलं असतं तरी कळलं असतं मला."

"हं."

"तुमी असतात तर सांगितलं असतं ना, आबा? बाई एकटी हाय गाडीत, तर आधी सांगितलं असतं ना तुमी?"

तिला हो ऐकायचं होतं. एवढंसं हो. ते दिलं असतं तर ती पूल ओलांडून गेली असती, परीक्षेला बसली असती, संध्याकाळी आईला तिखटमीठ लावून सगळं सांगितलं असतं आणि शेवटी म्हणाली असती, सगळे काय आबांसारखे असतात का. सुंदररावानं तोंड उघडलं. शेजारी कुणीतरी खोकलं. आतून सिस्टरनं कुणा केशरबाईला हाक मारली. त्याला वाटलं, आपण आता हो म्हणू, आणि मग मरेपर्यंत ते हो सांभाळत बसू, त्या ठिपक्यासारखं, दिवसातनं दोनदा. तेवढं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. खरं बोलायला धाडस लागतं असं लोक म्हणतात. त्याला तर नुसता थकवा पुरला.

"न्हाई," तो म्हणाला. "मी नव्हतं सांगितलं."

"म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. भिंतीकडं तोंड करून, हळू आवाजात. नर्स होती, सकाळी बोलली होती, लोक हसले होते, चाक आणायचं होतं. आरशाचंही सांगितलं. गाडी हळू केल्याचं सांगताना तो अडखळला, पण सांगितलं. मजा हा शब्द मात्र तोंडातून निघेना. "मला बरं वाटलं तवा," एवढंच तो म्हणाला. तिकडून फक्त वारा ऐकू येत होता आणि पावलं. मग पावलं थांबली.

"नाव काय होतं त्यांचं?"

"संगीता."

"रडल्या का त्या?"

"न्हाई. पाणी दिलं होतं, पिलं न्हाई."

"मी होते का तवा?"

"तू पुढल्या साली झालीस."

"आईला म्हाईत हाय?"

"न्हाई."

पावलं परत सुरू झाली. तिच्या शेजारून एक जड गाडी गेल्याचा आवाज आला, बहुतेक ती पुलावर पोचली होती. त्याला वाटलं, आता ती ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल. ती ओरडली नाही.

"ठेवते मी," ती म्हणाली. "उशीर होतोय."

"चालतच जाती का? दुसऱ्या गाडीत बसलीस तर लोकेशन..."

फोन चालू आहे का बंद, हे त्याला दिसत नव्हतं. तो थोडा वेळ कानाला तसाच धरून बसला. मग हात दुखला म्हणून खाली घेतला.

डॉक्टरनं हनुवटी पट्टीवर ठेवायला लावली, डोळ्यात उजेड टाकला, वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडं बघा म्हणाला. उजव्याचा मोतीबिंदू पिकलाय, डाव्याला अजून अवकाश आहे. घरी कुणाला तरी घेऊन या, मग तारीख ठरवू. बाहेर पडल्यावर त्यानं रिक्षा केली. रिक्षावाला बोलका निघाला. काका, पुढं नाली खोदून ठेवलीय, म्हणून मी शाळेमागून घेतो, दोन मिनटं जास्त लागतील, चालंल ना? सुंदरराव चालंल म्हणाला. मग तो शाळेमागून कसं, पाण्याच्या टाकीवरून कसं, हे सांगत राहिला. सुंदरराव काळा चष्मा लावून मागं बसून होता आणि त्या माणसाची पाठ तेवढी त्याला नीट दिसत होती. लांबचं जरा दिसायला लागलं होतं.

घरी वच्छलाबाई मेथी निवडत बसली होती. तिनं विचारलं ते त्यानं सांगितलं, उजवा पिकलाय, तुला यायला लागंल. वैष्णवीचं काही सांगितलं नाही. जेवला, पलंगावर आडवा झाला, फोन छातीवर ठेवला. दोन वाजले, तीन वाजले. फोन गप्प होता. संपलाय की काय म्हणून त्यानं चार्जिंगला लावला, परत काढला. अक्षरं आता अर्धीमुर्धी लागत होती. वैष्णवीच्या नावापुढं दुपारचाच नकाशा होता, लोकेशन संपलं असं खाली लिहिलेलं. चारच्या सुमाराला बाहेरच्या खोलीत वच्छलाबाईचा फोन वाजला. तो एरवी वाजायचा नाही. तिच्याकडं बहिणीचे देवाचे फोटो तेवढे यायचे. ती हात पुसत आत आली, चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांजवळ धरून.

"वैष्णवीचा हाय," ती म्हणाली आणि एक एक शब्द लावून वाचलं. "आई, पोचले. तोंडी चांगली झाली." तिनं काच खालीवर सरकवून आणखी काही आहे का बघितलं. काही नव्हतं. "आज मेसेज माझ्यावर कसा काय पाठवला हिनं? तुमाला न्हाई आला का?"

"न्हाई."

"रेंज नसंल," ती म्हणाली. "चहा ठेवू का?"

"ठेव," सुंदरराव म्हणाला.